दगा फिटरचा सरकता रॉड

माणसाचं नाव दगा असू शकतं, हे सुरतेतल्या लोकांना पटतच नाही. अहो, आमच्या खानदेशात आधीची पोरं जगली नाहीत की पुढच्याचं नाव दगा, दगडू, भिका असं काहीतरी ठेवतात. यमाला वाटावं, ह्या घरात नेण्यासारखं काही नाही. आमचा दगा पाटील चौथा. आधीचे तिघे गेले. "त्याची नजर आहे माझ्यावर, फक्त पत्ता सापडत नाही त्याला," असं तो हसत हसत म्हणायचा. मी म्हणायचो, गप रे, तिन्हीसांजेचं असलं बोलू नये.

मी सखाराम. पांडेसऱ्यातल्या एका मिलमध्ये हत्यारांचं स्टोअर सांभाळतो. स्वभावाने तिरसट आहे असं सगळे म्हणतात, आणि खरं आहे ते. दगा त्याच मिलमध्ये फिटर, आणि लिंबायतीत माझ्या शेजारच्या गल्लीत राहणारा.

आमच्या मिलमध्ये कापड रंगवायच्या मोठाल्या बंद टाक्या आहेत. आतलं पाणी एकशे तीस अंशांवर, वरून दाब. दोन टाक्यांच्या मधल्या बोळातून नळ्या जातात, आणि त्या नळ्यांचे जोड अशा जागी दिलेत की ज्याने ते दिले त्याला एकदा तिथे पालथं झोपवायला हवं. तिथला नट काढायचा तर फिटरने खांद्यापर्यंत हात आत घालायचा. दगाचा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याच्या डागांनी भरला होता. नटावर टोपीसारखी बसते ती गोटी, आणि बाजारातले गोटीपान्याचे रॉड एक तर आखूड, नाहीतर इतके लांब की मागे पाना फिरवायला जागाच उरत नाही. प्रत्येक नटाचं अंतर वेगळं.

"लांबी आपल्या हातात पाहिजे," दगा म्हणाला आणि कामाला लागला.

पहिला रॉड केला तो गोल नळीत गोल सळई घालून, बाहेरून बोल्ट आवळून. जोर लावला की सळई नळीतल्या नळीत गरगर फिरायची आणि नट ढिम्म. "हात्तिच्या!" म्हणून त्याने तो भंगारात टाकला. दुसरा चौकोनी नळीत चौकोनी सळई घालून केला, आरपार भोकं पाडून त्यात खीळ. हा फिरत नव्हता, पण दर वेळी खीळ काढा, खीळ घाला, आणि ती बोळात पडली की गेलीच. तिसऱ्यासाठी तो सुट्टीच्या दिवशी कामरेजला एका लेथवर जाऊन बसायचा. सळईला दर दोन इंचांवर खाच पाडली, नळीत स्प्रिंगवर पोलादी गोळी बसवली, वरून एक कडं चढवलं. कडं मागे ओढलं की सळई सरकते, सोडलं की गोळी खाचेत टक्कन बसते. सळईचं टोक तापवून तेलात बुडवलं, कडक केलं. दोन फुटांपासून तीन फुटांपर्यंत पाहिजे तेवढी लांबी. मी खोट काढायलाच हातात घेतला होता तो रॉड. सापडली नाही. एवढा राग आला मला!

पण एक गोष्ट मला तेव्हाच खुपली. ह्या रॉडला दोन माणसं लागत. एकाने बोळाच्या पलीकडच्या तोंडाने आत शिरून, टॉर्च मारून, गोटी नटावर नीट बसली का ते बघायचं. दुसऱ्याने अलीकडे उभं राहून रॉड सरकवायचा आणि शेवटी पाना फिरवायचा. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही, नुसता आवाज येतो. दगाचा नियम असा की बघणारा बाहेर येऊन उभा राहिल्याशिवाय पाना फिरवायचा नाही. म्हणजे एकाचा जीव दुसऱ्याच्या कानात.

चार वर्षं दगाचा जोडीदार भटू होता. भटू धुळ्याकडचा. दोघं आलटून पालटून बोळात शिरायचे. आतून "खोल" म्हटलं की रॉड एक खाच आत. "पुरे" म्हटलं की थांब. दुसरा शब्द लागलाच नाही कधी.

मग भटूची निवृत्ती आली आणि त्याच्या जागी दगाने आपल्या जावयालाच घेतलं. गोपाल, गायत्रीचा नवरा. तिशीचा गडी, अंगाने मजबूत, निर्व्यसनी. गायत्रीचा तर त्याच्यावर फार जीव. दगाला वाटलं, पोरीचं घर पक्कं होईल. चांगलंच वाटलं त्याला, त्यात चूक काय? पण गोपाल जन्मला सुरतेत. शाळा गुजराती, दोस्त यूपी-बिहारचे. घरातली मराठी अर्धी कळते, आणि बोलतो तेव्हा "काका, मी तुमची राह पाहत होता" असलं काहीतरी.

भटूच्या शेवटच्या आठवड्यात गोपालला शिकवणं चालू होतं. टाकी थंड, रिकामी. भटू बोळात, दगा माझ्याबरोबर बाजूला, गोपाल रॉडवर. आतून भटू ओरडला, "खोल!" गोपालने पाना लावला आणि नट सैल केला. सरळ आहे, आपल्याला खोल म्हणजे आत, आणखी आत. त्याला, हिंदी-गुजरातीत वाढलेल्या माणसाला, खोल म्हणजे उघड! भटू आतून खो खो हसला. मीही हसलो, माझ्या तोंडाला आग लागो. गोपालही हसला, का ते न कळता. दगा मात्र हसला नाही. पुढे होऊन त्याने नट पुन्हा आवळला आणि भटूला म्हणाला, "चल, झालं आजचं."

त्या संध्याकाळी घरी येताना मी त्याला धरलं. "सांग त्याला. आत्ताच सांग, ह्या शब्दाचा अर्थ काय ते."

"जवाई शे मना, सखाराम. त्याची चूक काढू?"

"चारचौघांत नको काढू. एकट्याला सांग."

"सांगतो."

कसला सांगतोय! आमच्याकडे जावयाला पाटावर बसवतात, त्याचं ताट आधी वाढून मग स्वतः जेवतात, त्याला अहो-जाहोशिवाय हाक नाही. तू चुकलास, हे सासऱ्याच्या तोंडातून निघणार कसं? दगाने पळवाट काढली. त्याने शब्दच बदलला. बोळात शिरला की म्हणायचा, "आत घ्या, गोपालराव. आणखी थोडं आत घ्या." आणि गोपाल घ्यायचा.

दोन महिने सगळं सुरळीत चाललं. मला मात्र दगा बोळात शिरताना दिसला की हातातलं काम सुचायचं नाही. "सांगितलंस का?" मी विचारायचो. "तुले काय करनं शे?" तो म्हणायचा. मी म्हणायचो, अरे, चार वर्षं जिभेवर बसलेला शब्द आहे तो, घाईत तोच येईल तोंडात. एकदा तर मी स्वतःच गोपालला सांगायला निघालो होतो. दगाने वाटेत अडवलं, शपथ घातली. मी थांबलो. का थांबलो? आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मे महिना होता, दुपारचं जेवण नुकतंच झालेलं. तीन नंबरच्या टाकीखालचा जोड गळायला लागला. आत कापड अडकलेलं, रंगखात्याचा मास्तर डोक्यावर उभा राहून ओरडत होता. व्हॉल्व्ह बंद केला होता, पण नळीत उकळतं पाणी दाबून बसलेलं होतं, ते आधी खालच्या चावीतून सोडून द्यावं लागतं. जोडाच्या चार बोल्टांपैकी दोन गंजून नावालाच उरले होते. मी नवं पॅकिंग घेऊन तिथे गेलो होतो. दगा म्हणाला, "आधी गोटी बसवून घेऊ, मग मी बाहेर येतो, पाणी सोडतो, मग काढू." आणि टॉर्च हातात धरून तो पलीकडून आत शिरला. मी टाकीच्या टोकाशी, दोन्ही बाजू दिसतात तिथे उभा होतो. मला त्याच्या फक्त चपला दिसत होत्या.

"आत घ्या, गोपालराव."

टक्.

"आणखी आत."

टक्. गोपालने पाना चढवून धरला, सवयीने. तेवढ्यात आत गोटी नटाच्या कडेवरून घसरायला लागली असणार. दगाचा आवाज एकदम चढला, "अरे सुटतेय, खोल! खोल!"

मला कळलं. ज्या क्षणी त्याने म्हटलं त्याच क्षणी कळलं. पण माझ्या तोंडातून नुसतं "ए, ए" एवढंच निघालं. गोपालने सगळं अंग घालून पाना फिरवला.

वाफेने पांढरंफटक झालं सगळं. दगाचं ओरडणं ऐकू आलं, मग तेही त्या फुसकाऱ्यात बुडालं. गोपालने पलीकडे धावत जाऊन त्याला पाय धरून ओढून काढलं, स्वतःचे तळवे भाजून घेतले.

जीव वाचला. डोळे गेले, दोन्ही.

दहाव्या दिवशी मिलचा साहेब इस्पितळात जबाब घ्यायला आला. गोपालने आपला जबाब आधीच दिला होता, की मला उघडायला सांगितलं म्हणून मी उघडलं. साहेबाने खुर्ची ओढली आणि विचारलं, "दगाभाई, तमे शुं बोल्या हता?"

पट्ट्यांच्या आतून दगा म्हणाला, "खोल."

साहेबाने मान हलवली आणि लिहायला लागला. मी पेटलो. "साहेब, थांबा, त्याचा अर्थ तसा नाही..." एवढं बोललो, तर दगाने चाचपडत माझं मनगट धरलं आणि नखं रुतवली. साहेब माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, काही नाही. साहेब कागदावर दगाचा अंगठा घेऊन गेला. चूक दगा पाटलाची, पाणी न सोडता नट उघडायला सांगितला.

"मेल्या, खोटं का सांगितलंस?" मी त्याच्या उशाशी वाकून म्हणालो. मला रडू येत होतं, आणि त्याचाही राग येत होता.

"खोटं काय सांगितलं? खोलच म्हटलं होतं मी." मग माझं मनगट न सोडता म्हणाला, "त्याला कळू देऊ नको कधी. कळलं तर तो जगायचा नाही. आणि माझ्या पोरीला धड नवरा लागतो, माझे डोळे गेले ते गेले."

मी शब्द दिला. दिला खरा.

गेल्या आठवड्यात गोपाल माझ्या स्टोअरच्या खिडकीशी आला. कामाचं काही नव्हतं. खिडकीच्या कट्ट्यावर भाजलेले तळवे टेकून उभा राहिला.

"काका, एक विचारू? कोणाला बोलू नका. गायत्रीला पण नाही."

"विचार."

"बाबा मला कधी तू नाही म्हणाले. लग्नापासून गोपालराव, तुम्ही, असंच. त्या दिवशी मला सरळ बोलले, खोल. खोलो पण नाही. खोल." तो खाली बघत होता. "माझ्यावर नाराज होते काय ते? गायत्रीला मी काही कमी केलं काय?"

सगळं माझ्या जिभेच्या टोकावर आलं. मी ते गिळलं.

"चटका बसला असेल रे त्याला," मी म्हणालो. "चटका बसला की माणूस देवालाही अरे-तुरे करतो."

"चटका नंतर बसला, काका," गोपाल म्हणाला. "आधी त्यांनी मला तसं बोललं."

तो उत्तराची वाट बघत तिथेच उभा राहिला. मला काम आहे असं सांगून मी खिडकी लावून घेतली.