चिंचोक्यांचा कायदा

गोकुळाष्टमीला आमच्या घरी पत्ते खेळायची पद्धत आहे. पैसे नकोत म्हणून चिंचोके लावायचे. मी चिंचोक्यांचा डबा सोप्यावर ओतला की माझा धाकटा दीर उठून अंगणात जायचा. "चिंचोको लायलो तरी तो जुगारूच," असे म्हणून चपला घालायचा. सारे मये गाव त्याला कायदेबाब म्हणायचे. लोक थट्टेने म्हणत आणि त्याला ते नाव आवडे, हेच तर दुखणे होते.

जत्रेत गडगड्याचा जुगार मांडलेला असे. चित्रांचे फासे खुळखुळले की शहाणीसुरती माणसे थांबतात. हा मात्र त्या बाजूला मान न वळवता देवळापर्यंत जायचा. मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटींचा विषय निघाला की सांगायचा, आम्हा गोवेकरांना आत जायला बंदी आहे, म्हणून मी पुलावरून जाताना त्या दिव्यांकडे बघतसुद्धा नाही. आमचे हे म्हणायचे, बघायला कुठे बंदी आहे? त्यावर तो विचारात पडायचा. खरोखर पडायचा.

शिरगावच्या खाणीवर त्याचा स्वतःचा ट्रक होता. कोर्टाने खाणी बंद केल्या तेव्हा बाकीचे ट्रकवाले रस्त्यावर बसले. हा घरी आला आणि ट्रकवर ताडपत्री बांधली. "कोर्टान बंद म्हणलें, बंद." पुढे त्या ताडपत्रीवर माझा दुधीचा वेल चढला, दुधीही लागले. असल्या माणसाला नावे तरी कशी ठेवायची?

रिकाम्या हाताला मोबाइल आला आणि मोबाइलवर रमी आली. पैसे लावून, खरे पैसे. मला वाटले, चिंचोक्यावरून उठून जाणारा माणूस हे कसे खेळतो? त्याने मला चुलीपाशी बसून समजावले. गडगडा नशिबाचा, तो बेकायदा. रमी बुद्धीची, असे खुद्द कोर्टाने म्हटले आहे. घरात पाहुणे असले तर मी तोंड उघडत नाही, पण तेव्हा आम्ही दोघेच होतो. मी विचारले, मग तुमचे पैसे जातात ते नशिबाने की बुद्धीने?

"बुद्धीन, वयनी," तो म्हणाला. मी भाकरी उलटली. आणखी काय करणार होते?

त्याची बायको सुमन आधी बोलायची, मग रडायची, मग तिने दोन्ही बंद केले. मी देवीची शपथ घालून पाहिली. तो म्हणाला, शपथ कशाला, कायद्यात बसते आहे. शेवटी त्याने सुमनच्या पाटल्या मागितल्या. चोरल्या नाहीत, ओढून घेतल्या नाहीत. समोर बसून म्हणाला, बायकोच्या सोन्यावर घोवाचा हक्क नसतो, म्हणून विचारतो. सुमनने त्याच्याकडे पाहिले, पाटल्या काढून चटईवर ठेवल्या आणि सकाळच्या बसने हळर्णला भावाकडे निघून गेली. बायकोने माहेरी जाऊ नये असा काही कायदा नव्हता. तिला अडवायला तो उठलाही नाही.

मग एक दिवस दिल्लीहून नवा कायदा आला. मोबाइलवर पैसे लावून खेळायच्या सगळ्या खेळांना बंदी, बुद्धीचे असोत की नशिबाचे. बातमी संपायच्या आत त्याने तो खेळ मोबाइलमधून पुसून टाकला. आंघोळ केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि सुमनला आणायला निघाला. मला इतका संताप आला की मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. बायकोच्या डोळ्यांतले पाणी त्याला पुरले नाही, देवी पुरली नाही, आणि कधी न पाहिलेल्या माणसांनी दिल्लीत हात वर केले ते पुरले!

हळर्णला काय झाले ते नंतर सुमननेच मला सांगितले. तो पायरीवर उभा राहून म्हणाला, आता बंदी आली, घरी चल. ती काजूच्या बिया निवडत होती. तिने मान वर न करता विचारले, "आनी फाल्यां कायदो बदललो जाल्यार?"

उद्या कायदा बदलला तरी खेळणार नाही, असे कायदेबाबाला म्हणता येईना. खोटे बोलायची त्याला सवय नव्हती, म्हणून तो तिथेच खाली बसला. तिन्हीसांज झाली तरी पायरीवरून हलला नाही. शेवटी सुमनने त्याला जेवायला वाढले, पण ती परत आली नाही. तोच तिथे राहिला. आता मेहुण्याच्या बागेत काजूचे बोंडू गोळा करतो. आमच्या अंगणातला ट्रक भंगारात गेला, आणि माझ्या दुधीला मांडव घालावा लागला.

गेल्या अष्टमीला मी डबा ओतला, तर अंगणात जायला कोणी उठलेच नाही. खेळात कोणाचे मन लागेना. दुसऱ्या दिवशी सुमनचा फोन आला. त्यांच्याकडेही पत्त्यांचा डाव बसला होता. तिने चिंचोक्यांची एक मूठ नवऱ्यापुढे ठेवली आणि सांगितले, "खेळ."

"मग?" मी विचारले.

"खेळले, वयनी. सगळे चिंचोके हरले."

कायद्यात बसते का, असे त्याने विचारले नाही म्हणे.