एलीकाकांचं नाक

“गजरा घालून आत यायचं नाही. काढ, नाहीतर उद्या ये.”

एलीकाका माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. पनवेलबाहेरच्या एका छोट्या बिअरच्या कारखान्यात मी केमिस्ट म्हणून रुजू होत होते. रोडपालीहून निघताना आईने कौतुकाने माळलेला मोगरा मी दाराबाहेर ठेवला आणि आत गेले. एक सडपातळ म्हातारा लाकडी पिंपाचं बूच काढून, डोळे मिटून वास घेत उभा होता. हेच एलीकाका. ते स्वतः अत्तर लावत नसत, डोक्याला तेलही नाही. डब्यात कच्चा कांदा आला, तर घरी गेल्यावर रिबेकाकाकूंशी भांडण ठरलेलं. नाकाला बोट लावून म्हणत, “सुताराची करवत, तसं माझं हे.”

पनवेलमध्ये मागे राहिलेल्या मोजक्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, घरांपैकी त्यांचं एक. मुलगा कधीच इस्राएलला गेलेला. तो बोलवायचा आणि काका टाळायचे. न्हावा शेव्याला उतरलेली व्हिस्कीची जुनी पिंपं आमच्याकडे येत. त्यांत काळी बिअर वर्षभर मुरवायची, हे काकांचं काम. घाई केलेली त्यांना खपत नसे. “पिंपाला कॅलेंडर दाखवू नका. ते वाचत नाही.”

वाद मात्र रोजचे. मालक रोहिदासशेठ जवळच्याच गावचे. त्यांना बाटलीवर ‘स्टाउट’ हवं होतं, कारण तेच खपतं. काका म्हणत, ही त्याहून सौम्य, पोर्टर आहे.

“काका, काली हाय ना? मग लोकांना काय फरक परतो?”

“शेठ, स्टाउट हा पोर्टरचाच दांडगा भाऊ, कबूल. पण भावाच्या नावाने धाकट्याचं लग्न लावाल का? ग्लासात काय मिळणार ते आधी सांगावं. नावाचा उपयोग तेवढाच.”

शेठ हसले आणि बाटलीवर पोर्टर छापलं गेलं.

साथीच्या त्या दिवसांत काकांना ताप आला. महिन्याभराने परतले ते थोडे वाकले होते, पण फेरी तीच. बूच काढायचे, डोळे मिटायचे, मान हलवायचे. एका सकाळी तीन पिंपं एकत्र करायला सांगत म्हणाले, “उत्तम. खजूर आलाय, व्हॅनिला आलाय.” एकत्र केल्यावर मी नमुना घ्यायला वाकले आणि नाकात व्हिनेगरचा भपकारा शिरला. एका पिंपात हवा गेली होती. आता सगळाच माल आंबला होता.

आधी वाटलं, काका माझी परीक्षा घेताहेत; पण त्यासाठी ते तीन पिंपं घालवणार नव्हते. मग मी जे केलं, ते आजही बोचतं. पिंप न पाहिलेली ताजी बिअर ग्लासात ओतून त्यांच्यापुढे धरली आणि म्हटलं, पिंपातली आहे. त्यांनी वास घेतला, घोट घेतला. “लाकूड छान उतरलंय,” म्हणाले. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ग्लास खाली ठेवला.

“तापापासून,” ते हळूच म्हणाले. “घरी भात करपला, धूर झाला, रिबेका ओरडत आली, तेव्हा कळलं. मी तिथेच पेपर वाचत बसलो होतो. पोरी, मला वाटलं, येईल परत. रोज सकाळी बूच काढताना वाटायचं, आज येईल.”

मी म्हटलं, “काका, मी कुणाला सांगणार नाही. मी वास घेईन, तुम्ही विचारा.” त्यांनी ग्लास धुऊन जागेवर ठेवला.

दोन दिवसांनी शेठ विक्रीवाल्या मुलाला घेऊन आले. मुलाने चाखलं आणि खूश झाला. “हे तर सावर आहे! बाहेर आंबट बिअरची केवढी क्रेझ आहे. पिंपात मुरलेली सावर म्हणून काढू. ही एक स्टाईलच आहे.” शेठचा चेहरा उजळला. मीही मनातून सुटले. काकांची चूक त्या एका शब्दाखाली झाकली जाणार होती. त्यांनी फक्त गप्प राहायचं होतं.

“नाही,” काका म्हणाले. “आंबट बिअर मुद्दाम, ठरवून करतात. तिला मी मान देतो. ही बिघडलेली आहे. बिघडली, कारण मी खराब पिंप चांगल्यात मिसळलं. मला वास येत नाही, शेठ. चार महिने झाले.”

शेठनी विक्रीवाल्या मुलाला बाहेर पाठवलं. मग म्हणाले, “काका, आमाला पयले सांगायचा ना. आमी काय तुमाला काढला असता?”

“तुम्ही काढलं नसतं. म्हणूनच जातो.”

माल ओतला, तेव्हा काका गटाराशी शेवटच्या थेंबापर्यंत उभे होते. मला म्हणाले, “बघ, फेस किती सुंदर आहे.” मग माझ्याकडे पाठ करून त्यांनी चष्मा पुसला.

दोन महिन्यांत घर आवरून ते मुलाकडे गेले. त्याआधी मी निरोपाला गेले, तेव्हा काकूंनी त्यांच्याकडे शुभप्रसंगी करतात त्या मलिद्याचं ताट पुढे केलं. पोहे, खोबरं, फळं, वेलची. काकांनी माझ्यादेखत खाल्लं आणि काकूंना म्हणाले, “छान झालंय.” काकूंनी मान वळवली.

तिथून दर शुक्रवारी दुपारी, शब्बाथचा विश्रामदिवस लागायच्या आत, त्यांचा फोन यायचा. “काय म्हणतंय पिंप?” मी सांगायचे, मनुका. “काळी की पिवळी? भिजवलेली की कोरडी?” मी पुन्हा पिंपाशी जायचे. असं त्यांनी मला दीड वर्ष शिकवलं.

मग एका शुक्रवारी फोन आला, तो काकूंचा.

“बुधवारी मी चहा ठेवला होता. हे आतल्या खोलीतून उठून आले. म्हणाले, ‘आलं टाकलंस?’ मी टाकलं होतं गं. आम्ही दोघं गॅसपाशी उभं राहून रडलो. लगेच तुला फोन करा म्हटलं, तर म्हणाले, ‘नको, शुक्रवारी सांगेन. आधी नीट ओळखू दे.’ गुरुवारभर घरातला एकेक डबा उघडून हुंगत होते. आज पहाटे झोपेतच गेले.”

सात समुद्रांपलीकडून काकूच माझी समजूत घालत राहिल्या.