कुडकुडणारा मारुती

दसऱ्याला आमच्या ॲरिझोनातल्या चँडलर गावच्या घरी शस्त्रपूजेचा पाट मांडतात. त्यावर विळी, दोन लॅपटॉप, गाडीची किल्ली आणि मधोमध सासूबाईंच्या वडिलांचा नागमोडी खंजीर, शेजारी त्याचं म्यान. ते बोटीवर खलाशी होते. "बालीच्या राजाने खूश होऊन दिला," असं ते सांगायचे. "चोरबाजारातून उचलला," असं त्यांचे भाऊबंद सांगायचे. बापाला थापाड्या म्हटलेलं सासूबाईंना आजही लागतं. मुठीवर उकिडवी बसलेली आकृती आहे. घरात तिला मारुती ठरवून दरवर्षी शेंदूर फासला जातो.

यंदा मी ऑफिसातल्या मैत्रिणीला जेवायला बोलावलं. ती इंडोनेशियातल्या सुमात्राची. पाट पाहताच तिने श्रीखंडाची वाटी खाली ठेवली.

"हा तर आमच्याकडचा क्रिस! हातात घेऊ?"

दोन्ही हातांनी उचलून तिने तो आधी कपाळाला लावला. सासूबाई माझ्या कानात पुटपुटल्या, "वळण चांगलं आहे हो पोरीला."

"कुठला ते सांगते, पण हा शेंदूर काढावा लागेल," ती म्हणाली. मी भाषांतर केलं, जरा घाबरतच. मारुतीला खरवडायचं?

सासूबाई उठून आत गेल्या. मग स्वतःच कोमट तेल आणि कापूस घेऊन आल्या. "काढ बाई. एकदाचं कळू दे."

शेंदराचे थर उतरले आणि आतून निघाला अंग चोरून, स्वतःलाच मिठी मारून बसलेला लांब नाकाचा माणूस! मैत्रीण टाळ्या पिटायला लागली. "याला आम्ही 'तापाने फणफणलेला जावावाला' म्हणतो. माझा नवरा जावा बेटावरचा, त्याला मुळीच आवडत नाही!"

पण ती तेवढ्यावर थांबली नाही. मुठी बदलता येतात, नुसत्या मुठीवरून गाव ठरत नाही, म्हणाली. म्यानाचं होडीसारखं तोंड पाहिलं, पातं उजेडात हळूहळू फिरवलं. बालीची पाती लांब आणि चकचकीत असतात. हे आखूड, काळपट. काय ते बघणं! तेवढं निरखून मी लग्नाआधी नवराही पाहिला नव्हता.

"मूठ, म्यान, पातं, तिन्ही सुमात्राची. बाजारात जुळवलेला नाही, जुना आणि अस्सल."

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि एकदम हसल्या. "म्हणजे राजा खोटा! पण समुद्र खरा. चोरबाजार नाही!"

मग त्यांनी त्या माणसाला नुसतं हळदकुंकू वाहिलं, अंगावर नवा खण पांघरला आणि मला फर्मान सोडलं, "तो एसी बंद कर आधी. बिचाऱ्याला ताप आहे."

बाहेर ॲरिझोनाचं ऊन. आम्ही सगळ्यांनी घामाघूम होऊन श्रीखंड खाल्लं.