सायकलीचा भार उतरवणारे व्याही

विघ्नहर्त्या गजाननाला आणि सातपुड्याच्या पायथ्याशी नांदणाऱ्या सर्व ग्रामदेवतांना वंदन करून, रावेरच्या आमच्या व्याह्यांच्या सत्तरीच्या शांतीनिमित्त हे लिहीत आहे. संसारात भार वाढवणारे सगळेच. परंतु एका जुन्या सायकलीवरचा भार उतरवण्यासाठी वर्षानुवर्षे तप करणारा पुरुष तापीच्या दोन्ही तीरांवर मला दुसरा आढळला नाही.

व्याही म्हणजे माझ्या कन्येचे सासरे. उभे आयुष्य केळीच्या बागेत गेलेले. पुण्याच्या पुतण्याने अडगळीत टाकलेली डोंगरी सायकल त्यांनी मागून आणली. पुढे-मागे दोन्हीकडे शॉक, आणि वजन वासराएवढे. मग तिचे जड हँडल जाऊन कार्बनचे आले. पेडल, सीट, टायर, एकेक अवयव पालटला. प्रत्येक नवा भाग बसला की ती केळी मोजायच्या काट्यावर चढे, आणि हातातला चहा निवेपर्यंत व्याही आकड्याकडे देवदर्शनासारखे पाहत राहत. शेवटी घंटीही गेली. तेव्हापासून वळणावर ते स्वतःच "ट्रिंग ट्रिंग" म्हणतात. केळीच्या घडाचे वजन करताना मधला दांडा वजा धरावा, ही आमच्याकडची रीत. एकदा शेजाऱ्यांनी टोमणा मारला, "आबा, सायकल हलकी केली, पन पोटाचं काय?" व्याही अत्यंत गंभीरपणे उत्तरले, "पोट म्हंजे दांडा. ते वजा!"

या तपात विघ्न आले ते उतारावर. पालच्या घाटातून येताना जुने ब्रेक लागले नाहीत, व्याही चरात पडले आणि त्यांचे मनगट मोडले. विहीणबाईंनी निर्वाणीचे सांगितले, "नवे ब्रेक बसवा. दसऱ्याले मी घाटाखाली उभी राहीन. वरून खाली येईलोक एकदा बी पाय टेकला, तर सायकल भंगारात." व्याह्यांनी मान्य केले. तारेचे ब्रेक काढून तेलाच्या दाबावर चालणारे बसवले, आणि मला बोलावले. कारण खंडेनवमीला अवजारांची पूजा असते, आणि मी संस्कृतचा मास्तर, तेव्हा ती माझ्या हातून व्हावी अशी त्यांची इच्छा.

मी यथासांग पूजा केली. चाकाच्या मध्याशी ब्रेकची पोलादी तबकडी आरशासारखी झळकत होती. हे ब्रेक तेलावर चालतात असे व्याह्यांनीच आदल्या दिवशी कौतुकाने सांगितले होते. तेव्हा मंत्र म्हणत, ते आत नैवेद्याचे ताट आणायला गेले असता, मी दोन्ही तबकड्यांना तिळाचे तेल लावले. वर कुंकू लावले. ब्रेकचे तेल नळीच्या आत असते आणि तबकडी कोरडी ठणठणीत असावी लागते, हे मला कोणत्याही गुरूने शिकवले नव्हते.

दसऱ्याच्या सकाळी व्याही एका दमात घाट चढून गेले. चढताना ब्रेक लागतोच कशाला! विहीणबाई आणि मी खाली जीपपाशी उभे होतो. पुष्कळ वेळाने ते दिसले, पण सायकल हाती धरून, पायी, घामाघूम.

"झालं! भंगारवाल्याले बोलवा," विहीणबाई म्हणाल्या.

"बोलाव," व्याही खाली पाहत म्हणाले. "मीच भ्यालो. ब्रेक चांगले हायेत."

पालच्या जंगलातल्या वाघाच्या वाटेवरून एकटा जाणारा हा मनुष्य भ्याला, हे मला पटेना. मी वाकलो. तबकडीवर माझे कुंकू तेलात माखून काळे झाले होते. मी वर पाहिले, तर व्याह्यांनी हळूच मान हलवली: बोलू नका.

परंतु मला राहवेना. "अक्का, दोष माझा. ब्रेकला तेल मी लावले."

विहीणबाई पदर तोंडाशी नेऊन हसल्या. "नाना, तुमाले संस्कृत येतं, पन सायकल येत नही. आन् तुम्ही," त्या नवऱ्याकडे वळल्या, "व्याह्यांसाठी सायकल भंगारात द्याले निघाले होते? जा, ब्रेक धुवा. पुढच्या रविवारी मी पुन्हा येते."

तबकड्या घासूनपुसून कोरड्या झाल्या, ब्रेकचे गुटके नवे आले. रविवारी व्याही शेवटच्या वळणावरून तोंडाने "ट्रिंग ट्रिंग" करीत अवतरले, पाय न टेकता, आणि बरोबर विहीणबाईंच्या पुढ्यात थांबले. त्यांनी पाण्याचा तांब्या तेवढा पुढे केला.

आता त्यांचा गुडघा कुरकुरतो. अर्ध्या घाटातूनच परततात. क्षमेवरची कितीतरी वचने मी जन्मभर विद्यार्थ्यांकडून घोकून घेतली. पण ती म्हणताना आता डोळ्यांपुढे येते ती त्यांची हळूच हललेली मान. इतक्या प्रिय वस्तूवर माझ्या चुकीसाठी पाणी सोडायला निघालेला हा सोयरा मला उतारवयात लाभला. आणखी थोडा आधी लाभता, एवढीच रुखरुख.

वाचकहो, तुमच्या चढणीला दम पुरो, उतारावर हाताला आवर राहो, आणि तुमच्या घरी असा एक तरी सोयरा सुखाने नांदो. शुभं भवतु.