गॅसच्या गोळ्या

ती कोणाच्याही घरी शिरली की आधी माणसाकडे बघायची नाही, सरळ चुलीकडे जायची. गंजावरचं झाकण उचलायची, नाक वाकडं करायची आणि म्हणायची, "हे काय वं, ढोराईसाठी शिजवलं का?"

घर मास्तरणीचं असो की दुकानदाराचं, झाकण उचलल्याशिवाय ती बसायची नाही. तुमच्याही गल्लीत अशी एक असेल. नसेल तर सुखी आहात, पण थोडं नुकसानही आहे.

नाव लिहीत नाही. तिची सून वाचणारी आहे आणि तिच्या नाकावर राग असतो.

आम्ही दोघींनी पांढुर्ण्यात वीस वर्षं संत्र्याच्या ढिगाजवळ बसून छाटणी केली. लहान एकीकडे, मोठी एकीकडे, खराब टोपल्यात. ती संत्रं अंगठ्याने दाबायची आणि न सोलता सांगायची, "हे आतून पोकळ." मुकादम सोलून बघायचा. पोकळच निघायचं. मग ती त्याला म्हणायची, "तुले दाबून पायलं असतं तं तूही टोपल्यातच गेला असता." मुकादम हसायचा. दुसरं करणार काय?

तिला एकच दुखणं होतं, गुडघ्याचं. त्यासाठी महिन्यातून एका मंगळवारी ती बसने सौसरला जायची. गुडघा कसला, जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढायची.

मी विचारायचे, "पांढुर्ण्यातले डॉक्टर मेले का?"

"इथल्या डॉक्टरपाशी गेलं का अख्खी गल्ली विचारते," ती म्हणायची.

आमचे हे गेले तेव्हा मी रडले नाही. माणूस फार चांगला नव्हता, वाईटही नव्हता. मुलगा तेरवी करून इंदूरला नोकरीवर गेला. मग हळूहळू असं झालं की सकाळी उठून काय करायचं तेच कळेना. आंघोळ राहू लागली. चुलीला हात लावावासा वाटेना. चहा आणि टोस, त्यावर दिवस जायचा. आपण नसलो तर कोणाचं काय अडतं, हे डोक्यात फिरत राहायचं. शेजारच्या रेडिओसारखं. आपण लावलेला नसतो, त्यामुळे बंदही करता येत नाही.

तिच्या तोंडाची भीती होतीच. म्हणून मी रिकाम्या गंजावर झाकण ठेवलं आणि झाकणावर पाट्याचा वरवंटा. म्हटलं, एवढं ओझं ही उचलणार नाही.

ती आली. वरवंटा खाली ठेवला, झाकण उचललं. गंज कोरडा ठणठणीत. मी वाट बघत राहिले, आता बोलेल, मग बोलेल. तिने झाकण परत ठेवलं, वरवंटा होता तसा वर ठेवला आणि एक शब्द न बोलता निघून गेली. तेव्हा मात्र मी घाबरले.

पुढच्या मंगळवारी सकाळीच ती दारात उभी.

"चाल वं, माया गुडघा लय दुखून राहिला. सोबत कोणी नाही."

"मले नाही होत."

"तुले काय पहाड चढाचा आहे? बसमधी बसाचं. बसाचं तं तुले जमतेच, महिनाभर तेच करून राहिली."

सौसरला दवाखान्याच्या दारातल्या माणसाने तिला नमस्कार केला. मला वाटलं, ही कुठेही ओळख काढते. आत गेल्यावर तिने मलाच स्टुलावर ढकललं.

डॉक्टर म्हणाला, "अम्मा, नींद आती है?"

मी तोंड उघडायच्या आधी तीच बोलली, "नहीं आती. खाती बी नहीं. पहले दिनभर लडती थी, अब लडती बी नहीं. येच बीमारी है."

"आप इनकी कौन?"

"दुश्मन."

डॉक्टरने दुश्मनाला बाहेर बसवलं आणि मला बरंच काही विचारलं. मी सांगितलं. मुलाला सांगितलं नव्हतं तेही सांगितलं. त्याने गोळ्या लिहून दिल्या आणि महिन्याने परत बोलावलं.

परतताना बसमध्ये मी म्हटलं, "लोकं आता मले येडी म्हणतीन."

"नाही म्हणत. ते मी पायते."

तिने काय पाहिलं ते मला पंधरा-वीस दिवसांनी कळलं. भाजीवाला म्हणाला, "मावशी, ओवा खात जा." मास्तरणीने हिंगाची डबी आणून दिली. कोणाकडे पूजेला गेले तर मला दाराजवळ, वाऱ्याच्या जागी बसवलं. बाईने गल्लीभर सांगून टाकलं होतं की मला भयंकर गॅस होतो आणि सौसरहून त्याच्याच गोळ्या आणल्या.

कित्येक दिवसांत मी पहिल्यांदा तरातरा चालले, ती तिच्या घरी भांडायला.

"काय वं भवाने, गल्लीभर माया पादण्याचा डंका पिटून राहिली?"

ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवलं नाही. म्हणाली, "येडी म्हटलं तं जन्मभर बोट दाखवतीन. गॅसले कोण बोट दाखवते? सगळ्याईलेच होते." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "भांडायले तोंड फुटलं तुयं. गोळी लागू पडून राहिली."

माझ्यापुढे ताट सरकवलं. "ढोराईसाठीच शिजवलं आहे. खा."

मी खाल्लं. दोन पोळ्या.

दीड वर्षाने डॉक्टरने माझ्या गोळ्या कमी करत करत बंद केल्या. तिचा गुडघा मात्र सुरूच राहिला.

यंदा ती गेली, जेवता जेवता. तेरवीच्या दिवशी आम्ही बाया ओसरीवर बसलो होतो, तेव्हा सून एक डबा घेऊन आली. "मावशी, सासूबाईच्या पेटीत निघाला. ह्या कायच्या गोळ्या आहेत?"

डब्यातल्या पट्टीवरचं नाव मला पाठ होतं. खाली डॉक्टरच्या चिठ्ठ्या होत्या. सगळ्यात जुनी चिठ्ठी आम्ही संत्री छाटत होतो तेव्हाची. वीस वर्षं मांडीला मांडी लावून बसले आणि मला पत्ता नाही. दाबून बघायचं काम तिचं, असंच मी धरून चालले होते.

सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"गॅसच्या," मी म्हटलं.

बाया हसल्या. मास्तरीण म्हणाली, "म्हणजे दोघी मैत्रिणींले एकच बिमारी."

"हो, एकच. तिले जास्त होती."

सून हे वाचेल तेव्हा तिला खरं कळेल. कळू दे. त्या दिवशी मी नुसती उठले, आत गेले आणि भाजीच्या गंजावरचं झाकण उचललं.

सून मागे आली. "काय पायजे मावशी?"

"काही नाही. ढोराईसाठी शिजवलं का, एवढंच पायते."

नाकावर राग असणारी ती बाई तिथेच उभ्या उभ्या रडायला लागली. मी तिला पाणी दिलं. भाजीत मीठ कमी होतं, तेही सांगितलं.