मोगरीचा भोंगा

काळेवाडीत अजून कुणीही छातीठोकपणे सांगेल, की एकोणऐंशीचा संप शालनबाईनं फोडला. मॅनेजरकडून लुगडं घेतलं, असंही वर चिकटवतील. साफ खोटं. लुगडं सोडाच, त्या माणसानं तिला चहासुद्धा विचारला नाही. आणि संप फुटलाच कुठं? पुढं आणखी सव्वीस दिवस चालला. तिला फक्त भोंगा हवा होता, तोही म्हशीसाठी.

म्हैस मोगरी. गोठा कंपनीच्या भिंतीला लागून. शालनबाईच्या घरात घड्याळ नव्हतं. सकाळी सातचा आणि दुपारी साडेतीनचा भोंगा झाला की ती बादली घेऊन बसायची. मोगरीचं रेडकू आठव्या दिवशीच गेलं, पण तिचं अडलं नाही. भोंगा कानावर पडला की डोळे मिटून पान्हा सोडायची. नवरा कोंडाजी म्हणायचे, "आपल्या घरातलं एवढं एकच माणूस कंपनीत कायम झालं."

संप सुरू झाला, भोंगा बंद पडला आणि मोगरीनं पान्हा चोरला. कोंडाजींनी लग्नातली तुतारी मागून आणली, गाल फुगवून फुंकली. मोगरीनं बादली लाथाडली. शेजारच्या प्रभावतीबाई शाळेत प्रार्थना सांगायच्या, म्हणून त्यांनी घसा खाकरून 'भों' केलं. मोगरीनं मान वळवून त्यांच्याकडं असं काही बघितलं, की बाई पुन्हा गोठ्याकडं फिरकल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी कास दगडासारखी झाली, अंगात ताप भरला. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "आज दूध निघालं नाही, तर कास गेली म्हणून समजा."

शालनबाईनं दावं सोडलं आणि एका हातात म्हैस, दुसऱ्या हातात बादली घेऊन थेट कंपनीचं गेट गाठलं. तिथं ताडपत्रीखाली संपकरी बसलेले. त्यांचा पुढारी सदाशिव फिटर म्हणाला, "काय मावशी, हिला युनियनमध्ये घालायची का?"

"घाल की. तिचा आवाज तुझ्यापरीस मोठा हाय."

टाइम ऑफिसचे हरिहरराव बाहेर आले. रोज मोगरीच्याच दुधाचा चहा प्यायचे, पण गेटवर ओळख दाखवीनात. "भोंगा कामगारांना बोलवायला असतो, बाई."

"ते कुठं येत्यात? ही आलीया. घ्या आत."

आणि तिनं दावं गेटच्या गजालाच बांधलं. आतून साहेबांची मोटार हॉर्न देतेय, मोगरी ढिम्म. तासाभरानं हरिहररावांनी घड्याळात न बघताच भोंगा दिला.

मोगरीनं डोळे मिटले. पहिल्या धारा नासक्या निघाल्या, मग बादली वाजायला लागली. इकडं काळेवाडीत लोक समजले, संप मिटला. माणसं डबे घेऊन धावत सुटली. एकजण तर अर्धी दाढी करूनच आला. त्यांना परत वळवता वळवता सदाशिवच्या नाकीनऊ आले. तो तणतणत शालनबाईपुढं उभा राहिला.

"मावशी, संप चालू असताना भोंगा वाजवायला लावलात. काही विचार?"

तिनं सडावरचा हात काढला नाही, मानही वळवली नाही.

"संप तुमचा हाय. माझ्या म्हशीला कुणी इचारलं व्हतं?"