तेलकाकूंची डीकेडब्ल्यू

चष्म्याच्या दुकानातल्या काकूंना सगळी गल्ली तेलकाकू म्हणायची, आणि त्याचा केसांच्या तेलाशी काही संबंध नव्हता. त्यांच्या नवऱ्याकडे एक जुनी जर्मन गाडी होती, डीकेडब्ल्यू. तिचं इंजिन टू-स्ट्रोक, जुन्या स्कूटरसारखं. पेट्रोलमध्येच तेल मिसळून टाकीत ओतायचं. दहा लिटरला पाव लिटर. कमी पडलं तर पिस्टन अडकतो, जास्त पडलं तर मागून येणारे खोकत शिव्या घालतात. छत्तीस वर्षं हे माप काकूंच्या हातात होतं, कारण काका बोलण्याच्या नादात मोजायचं विसरायचे. गाडी काका चालवतात पण गाडी चालते काकूंमुळे, असं गल्लीत म्हणत. काकांच्या पाठीमागे म्हणत, हे सांगायला नकोच.

काका काचा घासता घासता गिऱ्हाइकाला गाडीचा इतिहास ऐकवायचे. गिऱ्हाईक चष्म्याविना बसलेलं, पळून तरी कुठे जाणार? डीकेडब्ल्यू ही अक्षरं आली वाफेच्या गाडीवरून. वाफेची गाडी काही जमली नाही, अक्षरं तेवढी राहिली. मग कंपनीने खेळण्यातलं इंजिन काढलं आणि त्याच अक्षरांचा अर्थ लावला ‘मुलाच्या मनातली इच्छा’. मग मोटरसायकली काढल्या, इतक्या की जगात पहिला नंबर. मग चार कंपन्या एकत्र आल्या आणि गाडीच्या नाकावर चार कड्या बसल्या. मग युद्ध. कारखाने गेले, तर दुसऱ्या गावात सुट्या भागांच्या गोदामातून धंदा पुन्हा उभा केला. "आणि एवढं सोसून शेवटी काय," काका चिमटा आपटत म्हणायचे, "नवा मालक आला, म्हणाला हा धूर नको. नाव पुसलं. चार कड्यांच्या बांगड्या काढून दुसऱ्याच गाडीच्या हातात घातल्या!" हे ते सख्ख्या बहिणीला नांदवलं नाही अशा रागाने सांगायचे. गाडीच्या पाठीवर ‘३=६’ लिहिलेलं होतं. तीन सिलिंडर सहांचं काम करतात, असा त्याचा अर्थ. काकू मनात म्हणायच्या, आमच्या घरातही हेच गणित आहे, फक्त पाठीवर लिहिलेलं नाही.

तर त्या दिवशी सकाळी काकूंनी दुकानात नवा तक्ता लावला. डोळे तपासायचा, वर मोठं अक्षर आणि खाली बारीक होत जाणाऱ्या ओळी, तोच. जुना पिवळा पडला होता, कोपरे कसरीने खाल्ले होते. काका मागच्या खोलीत काचा कापत होते. सांगायचं राहून गेलं. एवढ्याशा गोष्टीत सांगण्यासारखं होतं तरी काय!

दहाच्या सुमाराला कोपऱ्यावरचा शिंपी आला. सुईत दोरा जात नाही म्हणाला. काकांनी त्याला बसवलं, एक डोळा झाकला. शिंप्याने वरच्या चार ओळी वाचल्या आणि शेवटच्या ओळीला अडखळला.

"ल... क... पुढे ध असावा."

"ध? कसला ध?" काका हसले. "अहो, एकाहत्तरावं चालू आहे मला. हा बघा, चष्मा काढला." आणि तक्त्याकडे बघत त्यांनी खणखणीत आवाजात म्हटलं, "प, ग, न, र, ट, म!"

शिंप्याने डोळे ताणून पुन्हा तक्ता पाहिला. त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे माझे डोळे फारच गेले म्हणायचे."

काउंटरमागे काकूंच्या हातातली डबी तशीच राहिली. प ग न र ट म ही जुन्या तक्त्याची ओळ होती. नव्या तक्त्यावर ल क ध व च ब होतं. शिंपी बरोबर वाचत होता.

पायरीपर्यंत शिंप्याच्या मागे जाऊन त्या हळूच म्हणाल्या, "तुमचं बरोबर होतं. उद्या या, साधा जवळचा नंबर आहे." तो समाधानाने गेला. काकू मात्र पायरीवरच उभ्या राहिल्या. गेल्या वर्षी लायसन्ससाठी डॉक्टरांचा दाखला लागला होता. त्या डॉक्टरांच्या भिंतीवरचा तक्ता ह्याच दुकानातून गेला होता, तोही प ग न र ट मवालाच. जन्मभर दुसऱ्यांचे डोळे तपासणाऱ्या माणसाने स्वतःचे तपासलेच नव्हते, पाठ म्हणून दाखवले होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

आणि दुपारी दोन वाजता हेच डोळे त्यांना घाटातून खाली नेणार होते.

खालच्या शहरात वन्संचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. वन्सं म्हणजे काकांची थोरली बहीण, वय शहात्तर, गेल्या महिन्यापासून इथेच राहायला आलेली. त्यांचा मोतीबिंदू काकांनीच ओळखला होता, बॅटरी डोळ्यात मारून, "ताई, पिकलाय, आता काढायलाच हवा" असं सांगून. चार वाजता इस्पितळात नाव नोंदवायचं, सकाळी ऑपरेशन.

"बसने जाऊ या का?" काकूंनी जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं.

"घरात गाडी असताना?"

"मला बस लागते बाई," वन्सं म्हणाल्या. "आणि हा चालवायला असला की मी निर्धास्त असते. लहानपणापासून नजर कशी घारीसारखी याची!"

झालं. आता बोलायचं कसं? वन्संच्या देखत भावाला आंधळा म्हणायचं? एकट्याला गाठावं तर काका गाडीभोवती फडकं घेऊन फिरत होते आणि वन्सं दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. काकूंनी तेल मोजलं, मिसळलं, ओतलं. एक थेंब सांडला नाही. किल्लीच लपवावी असं मनात आलं. पण छत्तीस वर्षांत त्यांनी त्या माणसाशी असला खेळ केला नव्हता. तेव्हाच करायला हवा होता. हे त्या पुढे स्वतःच सांगायच्या, आणि सांगताना स्वतःला शिवी हासडायच्या.

पहिला सपाट रस्ता बरा गेला. ऊन लख्ख होतं, रस्ता रिकामा. काका रस्त्याच्या मधोमध चालवत होते. पूर्वी कडेने चालवायचे.

घाट लागला. या गाडीची एक खोड आहे, खोड कसली, तिची रीतच तशी. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन चाकांपासून सुटतं आणि गाडी मोकळी घरंगळते. सपाटीवर त्याने पेट्रोल वाचतं. उतारावर मात्र एक मूठ फिरवून ते बंद करायचं, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवतं. पण मग दुसरी गोम. पाय काढलेला, म्हणजे पेट्रोल बंद, आणि तेल पेट्रोलातूनच येणार. इंजिन कोरडं फिरायला लागतं. म्हणून उतारावर मधून मधून पाय टेकवून त्याला घोटभर पाजायचं. काकांनी मूठ फिरवली, नेमाने पाय टेकवत राहिले. हात, पाय, कान, सगळं जागच्या जागी होतं. नव्हते ते फक्त डोळे.

काकू बोलायला लागल्या. एरवी प्रवासात मूग गिळून बसणारी बाई, पण आज तोंडाला खळ नाही. "बाई बाई, समोरून केवढा ट्रक येतोय! निळा आहे हो, आपल्या अंगावरच आल्यासारखा." काकांनी गाडी कडेला घेतली. "आणि हे वळण कसलं, अगदी केसाच्या पिनेसारखं, लगेच आलंच." काकांनी वेग कमी केला. "दगड पडलेत का हो ते, कठड्याच्या बाजूला?" गाडी दगडांना वळसा घालून गेली.

"आज काय गं, भारीच बोलतेस," मागून वन्सं म्हणाल्या. "मला एक डुलकी काढू दे की."

काकांनी मात्र ओळखलं. बोटं स्टिअरिंगवर पांढरी झाली. "रस्ता वाचून दाखवू नकोस मला," ते दबक्या आवाजात म्हणाले. "दिसतंय."

"अहो, मी आपलं—"

"दिसतंय म्हटलं ना! गप्प बस."

आणि काकू गप्प बसल्या. सवय, दुसरं काय! एवढ्या वर्षांची सवय म्हणजे ऐनवेळी गळ्यातलं लोढणं. एक वळण गेलं. दुसरं गेलं. काकूंच्या मुठी पदरात आवळलेल्या. प्रत्येक वळणाला त्यांच्या जिभेवर शब्द यायचा आणि त्या तो गिळायच्या. काका मान पुढे काढून बसले होते, काचेला नाक लागायचं तेवढं बाकी.

तिसऱ्या वळणापलीकडे रस्त्याचं काम चाललं होतं. डांबराची पिंपं, रोलर, आणि गाड्या थांबवायला मधोमध उभा असलेला एक माणूस, हातात लाल झेंडा. मागे सूर्य. त्याने झेंडा हलवला. मग जोरात हलवला. गाडीचा वेग तसाच. काका पाय टेकवून इंजिनाला तेल पाजत होते.

"अहो, माणूस!"

ती किंकाळी ऐकून रोलरवाल्यानेही वर पाहिलं. काकांचे दोन्ही पाय ब्रेकवर गेले. गाडी किंचाळली, मागून फरपटली, तिरकी होऊन थांबली. झेंड्याची काठी बॉनेटवर आडवी पडली होती. माणूस उभा होता. त्याच्या गुडघ्यात आणि बंपरमध्ये वीतभर अंतर होतं.

मग त्याला आवाज फुटला. काकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करून त्याने काठी उचलली आणि तो बाजूला जाऊन मटकन खडीवर बसला.

"दिसला होता मला," काका म्हणाले. "ब्रेक उशिरा लागला."

आता मात्र काकूंना वन्संची भीड उरली नाही, कुणाचीच उरली नाही. "कोणत्या हातात होता झेंडा?"

काकांनी हँडब्रेक ओढला.

"सांगा ना. दिसला होता ना? आत्ता कुठे आहे तो माणूस? उभा आहे की बसलाय?"

काकांनी काचेतून बाहेर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तो माणूस पंधरा हातांवर खडीच्या ढिगावर बसून पाणी पीत होता, आणि खडीही त्याच्या कपड्यांच्याच रंगाची होती.

"नाही दिसत," काका म्हणाले. "दोन वर्षं झाली. धुकं आहे सगळं."

"आणि एवढ्या लोकांना ऑपरेशनला पाठवलंत!"

"त्यांना पाठवणं सोपं असतं." काका म्हणाले. "आमच्या वडिलांचा डोळा ऑपरेशनच्या टेबलावरच गेला. मला भीती वाटते गं. फार भीती वाटते."

काकूंना राग आला, भयंकर आला, आणि त्याच क्षणी या माणसाला कुशीत घ्यावंसंही वाटलं. मागून वन्सं चाचरत म्हणाल्या, "गेल्या महिन्यात स्टँडवर मला न्यायला आलास आणि भलत्याच म्हातारीची पिशवी उचलून चालायला लागलास. मला वाटलं, माझी थट्टा करतोयस. मी हसले रे." आणि त्या रडायला लागल्या.

काकू उतरल्या. आधी झेंडेवाल्याकडे गेल्या, हात जोडून त्याची क्षमा मागितली. त्याने ऐकून घेतलं, पण मान वर केली नाही. मग त्या काकांच्या बाजूला आल्या आणि दार उघडलं.

"सरका."

"तुला येत नाही."

"लायसन्स आहे मला. दर वेळी तुमच्याबरोबर मीच रांगेत उभी असते. आणि ते मी वाचून मिळवलंय." एवढं बोलायला नको होतं, पण तोंडातून गेलं. काका सरकले.

काकूंनी ती गाडी आयुष्यात चारदा चालवली होती, चारही वेळा मोकळ्या मैदानावर आणि ओरडा खात. पहिल्यांदा इंजिन बंद पडलं. दुसऱ्यांदाही पडलं. मागून एक जीप हॉर्न वाजवायला लागली. काका म्हणाले, "क्लच हळू—" आणि काकू म्हणाल्या, "आता तुम्ही गप्प बसा." तिसऱ्यांदा गाडी हलली.

राहिलेला घाट उतरायला पाऊण तास लागला. एका बाजूला दरी होती आणि काकूंनी तिकडे एकदाही पाहिलं नाही. घामाने पोलकं पाठीला चिकटलं. प्रत्येक वळणाला काकांचा पाय रिकाम्या जागेत ब्रेक शोधायचा. एका लांब उतारावर इंजिनाचा आवाज कोरडा झाला, काकांनी सांगायला तोंड उघडलं, पण त्याआधीच काकूंचा पाय टेकून गेला होता. त्यानंतर काकांनी काही शिकवलं नाही. ते खिडकीकडे तोंड करून बसले आणि मधूनच हाताच्या पाठीने डोळे पुसत राहिले.

इस्पितळात पोचायला साडेचार झाले. खिडकीमागच्या बाईंनी विचारलं, "पेशंट कोण?"

वन्संनी बोट वर केलं. मग दुसऱ्या हाताने भावाचं मनगट धरलं आणि तेही वर केलं. काकांनी हात सोडवून घेतला नाही.

"दोन फॉर्म द्या," काकू म्हणाल्या.

बाकावर बसून त्यांनी फॉर्म भरले. वन्संचा आधी. मग काकांचा. त्या प्रश्न वाचायच्या, काका उत्तर द्यायचे. वय. एकाहत्तर. मधुमेह. नाही. आधीची शस्त्रक्रिया. नाही. त्रास कधीपासून? काकांनी खरं सांगितलं.

"वाहन चालवता का?"

समोर स्ट्रेचर गेलं, कुणीतरी नाव पुकारलं, वन्संनी चष्मा पुसला. काकूंनी पेन कागदावर टेकवून ठेवलं आणि पुन्हा विचारलं नाही.

"नाही," काका शेवटी म्हणाले. "लिही की. नाही."

काकूंनी लिहिलं, ‘सध्या नाही’. काकांना ते वाचता येण्यासारखं नव्हतं, आणि काकूंनीही ते वाचून दाखवलं नाही.